बिलावरची एक ओळ आणि चिरलेला पाइप

प्रश्न : माझ्या 1967 सालच्या मोटारीची इंधन यंत्रणा सहा महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये दुरुस्त करून घेतली. बिलावर ‘सर्व पेट्रोल पाइप ई-20साठी योग्य असे बदलले’ अशी नोंद आहे (ई-20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल). त्यानंतर तीन महिने गाडी उभीच होती. ती सुरू केली तेव्हा कार्ब्युरेटरजवळचा नवा पाइप चिरून पेट्रोल गळू लागले. टाकीतही गंज दिसला. गॅरेजमालक म्हणतात, ‘इथेनॉलमुळे झाले, सरकारला विचारा.’ दावा कोणावर लावावा?

उत्तर : दावा गॅरेजवर लावावा. सरकार किंवा पेट्रोलपंप यांना त्यात ओढू नये. मान्य प्रमाणात इथेनॉल मिसळलेले पेट्रोल केवळ त्या मिश्रणामुळे सदोष ठरत नाही आणि ई-20च्या सक्तीविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025मध्ये फेटाळली आहे. शिवाय पाइप इथेनॉलला टिकावा म्हणूनच आपण पैसे मोजले होते. तेव्हा इथेनॉलकडे बोट दाखवून गॅरेजमालक आपले काम फसल्याचीच कबुली देत आहेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019च्या कलम 2(11)नुसार ही सेवेतील त्रुटी होय.

आपला सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे तो चिरलेला पाइप. तो गॅरेजला परत देऊ नका, पुसू नका, कापू नका. त्याच्या पाठीवर छापलेली अक्षरे वाचा : ‘एसएई जे30 आर9’ (इंधन-पाइपच्या दर्जाचे मानक) असेल तर आतले अस्तर फ्लुरोकार्बनचे, म्हणजे इथेनॉलला दाद न देणारे असायला हवे, काहीच छापलेले नसेल, तर बिलावरची ओळ कशाच्या आधारे लिहिली, हे गॅरेजलाच सांगावे लागेल. छाप खोटाही असू शकतो, म्हणून कलम 38(2)(क)खाली नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवण्याची विनंती तक्रारीतच करावी.

गंजाबाबत मात्र स्पष्टच सांगतो, आपली बाजू लंगडी आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाणी पुरेसे साचले की इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि पत्रा गंजतो. तीन महिने गाडी उभी असल्याचे प्रतिपक्ष पहिल्याच तारखेला मांडेल. टाकी साफ करून आतून लेप दिल्याची नोंद बिलात असेल तरच ती मागणी ठेवावी, अन्यथा तिच्यापायी पाइपची भक्कम तक्रारही संशयास्पद दिसू लागेल.

आधी बिलाची प्रत जोडून, पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा व पोच जपून ठेवा. उत्तर न आल्यास आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते. कलम 69नुसार दाव्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि गॅरेजला दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. गाडी दुसरीकडे दुरुस्त करण्यापूर्वी पाइप जिथून निघाला त्या जागेची तारखेसह छायाचित्रे घ्या व नव्या मेकॅनिकचे लेखी मत मिळवा. इंजिन पुन्हा जोडले गेले की ती जागा तशी दाखवता येणार नाही.