बोर्ड बदलायच्या आधी ड्रेन पाइप बघा

ताई, तुमच्या फुलेवाडीच्या घरातलं टॉप लोड वॉशिंग मशीन पाणी घेतच राहतं, पातळी मात्र अर्ध्याच्या वर चढत नाही, आणि मेकॅनिक म्हणतोय बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेला. एवढ्यात बोर्डाला हात लावू देऊ नका. या लक्षणात त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

मशीन पाणी भरत असताना ड्रेन पाइपच्या, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपच्या, तोंडाशी जाऊन बघा. तिथं बारीक धार लागली असेल तर वरून आलेलं पाणी खालून चाललंय. टबाच्या तळाला पाणी अडवणारा-सोडणारा ड्रेन व्हॉल्व्ह असतो. त्याच्या रबराखाली शर्टाचं बटण, केसाची पिन किंवा दोऱ्यांचा गुंता अडकला की तो नीट मिटत नाही. खात्री करायची तर मशीनचा विजेचा प्लग काढा, टबात तीन-चार बादल्या ओता, पाण्याच्या रेषेवर खूण करा आणि अर्ध्या तासानं बघा. पाणी उतरलं तर व्हॉल्व्ह साफ करून घ्या. रबर चिरलं असेल तर तेवढंच बदला.

गळती नसेल तर पाणी येतंय किती ते बघा. नळाचं पाणी आणणारा इनलेट पाइप मशीनकडून सोडवून बादलीत धरा. बादली झपाट्यानं भरली, तर दोष बहुतेक मशीनच्या तोंडाशी असलेल्या जाळीचा. पावसाळ्यात पंचगंगा गढूळ झाली की आपल्या टाक्यांच्या तळाला गाळ बसतो आणि टाकी खाली गेली की तोच जाळीत येतो. नळ बंद करून जाळी पकडीनं अलगद ओढा, टूथब्रशनं धुवा आणि परत बसवा. जाळीशिवाय मशीन चालवायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, गाळ थेट पाणी आत घेणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हमध्ये जातो.

बादलीच हळू भरत असेल तर दाब कमी आहे. बऱ्याच मशीनना किमान ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकी नळापेक्षा साधारण ३ मीटर उंच हवी. गच्चीतल्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर नेमका तेवढा मिळत नाही. तिथं टाकी उंचावर घ्या, नाहीतर छोटा प्रेशर पंप बसवा.

शेजारच्या काकूंच्या मशीनचं उलटं आहे म्हणालात, पाणी काठोकाठ येऊनही थांबत नाही. त्यांना आधी प्लग काढायला सांगा. तरीही पाणी येत राहिलं तर इनलेट व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. थांबलं, तर टबाच्या तळापासून प्रेशर सेन्सरपर्यंत गेलेली बारीक नळी तपासायची. पाणी चढतं तशी त्या नळीतली हवा दाबली जाते आणि त्यावरूनच मशीनला पातळी कळते. नळी उंदरानं कुरतडली असेल, टोकाशी सैल झाली असेल किंवा साबणाच्या चिकट थरानं बुजली असेल, तर टब भरूनही मशीनला तो रिकामाच वाटतो. पाणी काढून, प्लग काढून, नळी सेन्सरपासून सोडवा आणि मगच तिच्यात फुंका. सेन्सरमध्ये फुंकू नका, आतला नाजूक पडदा फाटतो. चिरलेलं टोक इंचभर कापून परत घट्ट बसवलं तरी चालतं, फक्त नळीला ताण येता कामा नये.