फायबर बॉडीच्या ड्यून बगीचं वायरिंग: किती पैसे सांगू आणि काम कसं आखू?

तुमचा प्रश्न मला असा समजला. फिनिक्सजवळ तुमचं छोटं गॅरेज आहे. एका गिऱ्हाइकाने फोक्सवॅगन बीटलचा पॅन (खालचा लोखंडी सांगाडा) कापून त्यावर फायबरची बॉडी चढवलेली बगी, म्हणजे वाळूत चालवायची हलकी उघडी गाडी, आणली आहे. आत एकही वायर नाही आणि तो म्हणतो, "एवढीशी गाडी, चार वायरी, किती घ्याल?" गाडी रस्त्यावरही चालवायची आहे आणि हिवाळ्यात कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांवरही.

गाडीच्या आकारावरून आकडा सांगू नका. वायरिंगचा खर्च सर्किटं किती आणि टोकं किती यावर ठरतो. टोक म्हणजे जिथे वायर सोलून लग किंवा पिन क्रिंप करावी (दाबून बसवावी) लागते अशी प्रत्येक जागा. बगी लहान असली तरी हेडलाइट दोनच लागतात, इंडिकेटर चारच, ब्रेक लाइट तेवढेच. उलट फायबरच्या बॉडीमुळे काम वाढतं.

ते कसं, हे गिऱ्हाइकालाही समजावून सांगा. मूळ बीटलमध्ये पत्र्याची बॉडी हीच परतीची वायर असते, दिव्याचा होल्डर पत्र्याला स्क्रूने लागला की अर्थ, म्हणजे परतीची जोडणी, मिळाली. फायबरमधून करंट जात नाही. म्हणून प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, प्रत्येक मीटरला स्वतंत्र काळी वायर न्यावी लागते. मी डॅशमागे एक आणि मागे इंजिनजवळ एक अशा दोन अर्थ बसबार (अनेक वायरी एकत्र जोडायच्या धातूच्या पट्ट्या) लावतो, आणि प्रत्येकापासून पॅनपर्यंत 8 गेजची वायर नेतो (गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड). दिव्यांच्या अर्थ एकमेकांना जोडत पुढे नेल्या की एक सैल झाली तरी सगळे बिघडतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हे त्याचंच लक्षण.

दुसरी अर्थ याहून महत्त्वाची. बीटलचा गिअरबॉक्स रबरी माउंटवर बसतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स चॅसिसपासून विजेच्या दृष्टीने तुटलेले असतात. कंपनीने गिअरबॉक्सच्या नाकापासून पॅनपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी दिलेली असते. पॅन कापताना ती काढतात आणि परत लावायची राहते. मग स्टार्टरचा शंभरावर अँपिअरचा करंट ॲक्सिलरेटर आणि क्लचच्या केबलमधून परतीची वाट शोधतो. केबल गरम होते, आतून चिकटते, आणि ॲक्सिलरेटर अडकतो. कोट देण्याआधी गाडीखाली झोपून ही पट्टी आहे का बघा, नसेल तर नवीन धरा. किंमत किरकोळ आहे.

आता मोजणी. रस्ता आणि वाळू दोन्ही असेल तर साधारण 17 सर्किटं निघतात: लो बीम, हाय बीम, पार्किंग व टेल, ब्रेक, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, हॅझार्ड, हॉर्न, इग्निशन कॉइल, स्टार्टर, चार्जिंग, फ्युएल पंप, मीटर, वायपर, लाइट बार, झेंड्याच्या काठीवरचा दिवा, आणि मोबाइलचं सॉकेट. ग्लॅमिसला जमिनीपासून 8 फुटांवर झेंडा लागतोच, आणि बहुतेक मालक रात्रीसाठी त्यावर एलईडी मागतात, म्हणून ते सर्किट आधीच धरलेलं बरं. सर्किटामागे पाच-सहा टोकं पकडली तर एकूण 95 च्या आसपास.

एका टोकाला, म्हणजे कापणं, सोलणं, क्रिंप, हीट श्रिंक आणि नंबरचं लेबल, मी 6 मिनिटं धरतो. 95 टोकांचे साडेनऊ तास. मोजमाप आणि कागदावरचं सर्किट 4 तास, फ्यूज पॅनेल बसवणं आणि त्याची पट्टी (ब्रॅकेट) बनवणं 3, वायरी ओढणं, स्लीव्ह चढवणं, क्लॅम्प मारणं 8, डॅश 4, इंजिन आणि चार्जिंगची बाजू 3, तपासणी 3. बेरीज साडेचौतीस, म्हणून 35 तास. तुमचा दर ताशी 90 डॉलर समजा, तर मजुरी 3,150. त्यावर 15 टक्के अडचणीचे, म्हणजे 470. सामान 500 च्या घरात. कोट 4,100 च्या आसपास जातो. हीच बगी फक्त वाळूसाठी असती तर 50 टोकं आणि 20-22 तासांत काम झालं असतं. म्हणून रस्ता की वाळू, हा पहिला प्रश्न.

आकडा सांगण्याआधी करंटचीही बेरीज करा. दोन 60 वॅटचे हेडलाइट 9 अँपिअर, 120 वॅटचा लाइट बार 9, पार्किंग व टेल 3, कॉइल 4, पंप 4, काठीचा दिवा 2. एकूण 31. जुन्या इंजिनवर मूळचा जनरेटर असेल तर तो पूर्ण वेगात 30 अँपिअरच देतो, आयडलवर जवळजवळ काहीच नाही. वाळूत हळू चालवताना बॅटरी उतरणार आणि दोष तुमच्या वायरिंगला लागणार. 55 अँपिअरचा अल्टरनेटर हवा, हे कोटमध्ये लिहा आणि त्याचा खर्च वेगळा दाखवा. पॅन किंवा इंजिन 1967 च्या आधीचं असेल तर आणखी एक तपासणी: अमेरिकेत बीटल 67 च्या मॉडेलपासून 12 व्होल्टची झाली. त्याआधीचा वायपर मोटर किंवा स्टार्टर 6 व्होल्टचा असू शकतो.

अल्टरनेटरवरून आठवलं, इथे एक चूक फार होते. डॅशवरचा चार्जिंगचा लाल दिवा नुसता दाखवायला नसतो. त्या बल्बमधून जाणाऱ्या करंटनेच अल्टरनेटर जागा होतो. मालक छानसा एलईडी आणून देतो, त्यातून तेवढा करंट जात नाही, आणि इंजिन खूप रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही. तिथे 2 वॅटचा साधा बल्बच लावा. एलईडीचाच हट्ट असेल तर त्याला समांतर रेझिस्टर द्या.

स्टार्टरच्या वायरिंगमध्येही अशीच एक चूक होते. त्याच्या सोलेनॉइडची (स्टार्टर गुंतवणाऱ्या विजेच्या चुंबकाची) वायर बॅटरीपासून पुढे किल्लीपर्यंत आणि किल्लीपासून परत मागे, अशी 20 फूट फिरते. 14 गेजच्या वायरीचा रोध फुटाला अडीच मिलिओहम, म्हणजे 20 फुटांत 50. सोलेनॉइड ओढताना 30 अँपिअरच्या आसपास घेतं, तर दीड व्होल्ट वायरीतच गेला, किल्लीतला वेगळा. इंजिन थंड असताना चालून जातं, गरम झालं की नुसतं टक् होतं. मागे स्टार्टरजवळ रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) बसवा, त्याच्या 87 नंबरच्या टोकापासून सोलेनॉइडच्या 50 नंबरच्या टोकाला 10 गेजची आखूड वायर द्या. किल्लीवर फक्त रिलेचा भार उरतो.

सामानाची यादी: 16 गेज 150 फूट, 14 गेज 120, 12 गेज 50, 10 गेज 25, बॅटरीपासून पॅनेलपर्यंत 6 गेज 12 फूट. वायर क्रॉस-लिंक्ड इन्सुलेशनची, म्हणजे उष्णता सहन करणाऱ्या आवरणाची, जीएक्सएल प्रकारची घ्या. साध्या पीव्हीसीचं आवरण एक्झॉस्टजवळ मऊ पडतं. मुख्य फीडला बॅटरीपासून 7 इंचांच्या आत फ्यूज हवाच, मूळ बीटलमध्ये ती वायर फ्यूजशिवाय होती. फ्यूजचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरवा. बाहेरचे कनेक्टर रबर सील असलेलेच घ्या, वाळू आत गेली की पिना पॉलिश होऊन सैल पडतात. सोल्डरिंग टाळा. सोल्डर वायरीत वर चढतं, आणि ते जिथे संपतं तिथेच ती हादऱ्याने तुटते. चांगल्या रॅचेट क्रिंपरचे पैसे पहिल्या गाडीत वसूल होतात.

वायरी ओढताना मधल्या टनेलचा मोह होईल. त्यात पेट्रोलची लोखंडी नळी आहे आणि केबली सतत सरकत असतात. मी टनेलच्या बाहेरून, कोपऱ्यात, दर 8 इंचांवर रबरी क्लॅम्प मारत नेतो. फायबरला भोक पाडलं तरी ग्रोमेट लागतो, कारण काचेचे धागे आवरण पत्र्याइतकंच कापतात. फ्युएल पंपाला ऑइल प्रेशरचा कट-ऑफ द्या. बगी उलटली आणि इंजिन बंद पडलं तर पंप पेट्रोल ओतत राहता कामा नये. ही गोष्ट गिऱ्हाईक नको म्हणालं तरी मी सोडत नाही.

पॅनेलवर तीन रिकामी सर्किटं ठेवा. शेवटच्या दिवशी मालक हातात आणखी एक दिवा घेऊन येतोच. पैसे तीन टप्प्यांत घ्या: सामानाचे पूर्ण आणि मजुरीचे 30 टक्के आगाऊ, वायरी ओढून झाल्यावर 40, चालू करून दाखवल्यावर 30. गाडीत कुणी अर्धवट केलेलं वायरिंग असतं तर एकगठ्ठा दर अजिबात सांगू नका म्हटलं असतं. ते सगळं काढून नव्याने करणंच स्वस्त पडतं.

कोटच्या कागदावर मजकूर साधारण असा ठेवा: "17 सर्किटं, 3 रिकामी, सोबतच्या यादीप्रमाणे. यादीबाहेरचं प्रत्येक सर्किट 180 डॉलर, सामानासह. वायर, क्रिंप आणि रिलेची एक वर्ष जबाबदारी आमची. मालकाने आणून दिलेले स्विच, दिवे आणि मीटर त्यात धरलेले नाहीत. अल्टरनेटर बदलण्याचा खर्च वेगळा." यादीवर गिऱ्हाइकाची सही घ्या आणि मगच पहिली वायर कापा.