दगडी कोळसा जवळ नसताना भद्रावतीला पोलाद कारखाना का काढला, आणि तो बंद का पडला?

भद्रावती म्हटलं की आपल्याकडे पटकन चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव डोळ्यांसमोर येतं. तुम्ही विचारताय ती कर्नाटकातली, शिमोग्याजवळची, भद्रा नदीच्या काठावरची. पूर्वीचं बेंकीपूर. मी उभी हयात कोल्हापूरच्या ओतशाळांमध्ये काढली. त्यामुळे लोखंडावर जगलेल्या या गावाबद्दल मला फार जिव्हाळा आहे, आणि त्याची आजची अवस्था बघून वाईट वाटतं.

कारखाना तिथे का काढला? म्हैसूर संस्थानाकडे बाबा बुडनच्या डोंगरात, केम्मनगुंडीला उत्तम लोहखनिज होतं, चुनखडी होती, भद्रेचं पाणी होतं. नव्हता तो दगडी कोळसा. तो आणायचा तर थेट झरिया-बंगालकडून, म्हणजे रेल्वेचं भाडंच खनिजापेक्षा जड. पण मलनाडचं, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागाचं, दाट जंगल हाताशी होतं. म्हणून ठरलं की झोतभट्टी, म्हणजे हवेचा झोत देऊन खनिज वितळवणारी भट्टी, लोणारी कोळशावर, म्हणजे लाकडापासून केलेल्या कोळशावर चालवायची. सल्लागार होते अमेरिकेचे चार्ल्स पेज पेरिन. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्याचे सल्लागारही तेच. १९२३ साली 'म्हैसूर आयर्न वर्क्स' सुरू झालं.

या कारखान्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे तिथली लाकूड ऊर्ध्वपातनाची शाखा. आपल्याकडे लोणारी कोळसा पाडतो तेव्हा लाकूड रचून, माती लिंपून पेटवतो आणि धूर हवेत जातो. भद्रावतीला लाकडाचे ओंडके वाळवून बंद लोखंडी पात्रांत तापवत. निघालेला धूर थंड करून त्यातून मिथाइल अल्कोहोल, चुन्याचं ॲसिटेट आणि डांबर काढत. उरलेला कोळसा भट्टीत. शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थानात हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर चालत होतं, हे आज धातुशास्त्र शिकणाऱ्या मुलांनाही ठाऊक नसतं. लोणारी कोळशात गंधक जवळपास नसतंच, त्यामुळे बीड, म्हणजे भट्टीतून निघणारं ओतकामाचं लोखंड, फार शुद्ध उतरतं. ओतकाम करणाऱ्या माणसाला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. गंधक जास्त झालं की ओतीव कडक होतं, मशीनवर घेतलं की टूल खातं.

पण याच कोळशाची एक मोठी अडचण आहे. तो ठिसूळ असतो. भट्टी उंच बांधली तर वरच्या खनिजाच्या भाराने त्याचा चुरा होतो, हवा वर चढत नाही. म्हणजे भट्टी लहानच ठेवावी लागते. शिवाय एक टन कोळशासाठी साधारण चार टन लाकूड लागतं. म्हणजे कारखाना वाढवायचा तर जंगल संपवायचं. भद्रावतीचं मोठं न होणं हे असं पायातच बसलेलं होतं.

कारखान्याची कल्पना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची, ते १९१२ ते १९१८ म्हैसूरचे दिवाण असतानाची. आपल्याला ते परके नाहीत. त्यांनी इंजिनिअरिंग पुण्यात केलं, नोकरी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सुरू केली आणि खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले. कारखाना सुरू झाला तो पहिल्या महायुद्धानंतर, बिडाचा भाव पडलेला असताना. तोटा इतका की बंद करा म्हणणारे पुष्कळ. तेव्हा विश्वेश्वरय्या कारखान्याच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणून आले, १९२९ पर्यंत राहिले, खर्च आवळला आणि परदेशी तज्ज्ञांच्या जागी टप्प्याटप्प्याने म्हैसूरचीच माणसं तयार केली. माझ्या मते भद्रावतीची खरी कमाई ही माणसं. भट्टीपेक्षा ती घडवणं कठीण होतं.

पुढची वाढ भराभर झाली. १९३६ ला पोलाद निघू लागलं, त्याच सुमारास कागद गिरणी आली आणि मग भट्टीतून लोखंडाबरोबर निघणाऱ्या धातुमळीवर चालणारा सिमेंट कारखाना. शरावतीची वीज आल्यावर १९५० च्या दशकात नॉर्वेच्या पद्धतीच्या विद्युतभट्ट्या बसल्या. कोळशाची ददात वीज थोडी भरून काढणार, हा विचार अगदी योग्य होता. नंतर मिश्रपोलादाकडे, म्हणजे इतर धातू मिसळून केलेल्या खास पोलादाकडे वळले, तेही बरोबरच. लहान कारखान्याने साध्या सळ्यांत मोठ्यांशी स्पर्धा करू नये.

मग बिघडलं कुठे? १९८९ मध्ये कारखाना 'सेल' या केंद्र सरकारच्या पोलाद कंपनीकडे गेला, १९९८ मध्ये त्यात विलीन झाला. केम्मनगुंडीचं खाणकाम थांबलं आणि स्वतःची खाण राहिली नाही. पोलादाच्या धंद्यात ज्याची खाण त्याचा नफा. त्याच राज्यात बळ्ळारीच्या खनिजाला लागून तोरणगल्लूला प्रचंड कारखाना उभा राहिला. भद्रावतीला मात्र खनिज विकत घ्यायचं, कोक, म्हणजे दगडी कोळशापासून केलेलं भट्टीचं इंधन, तोही लांबून आणायचा. जंगलामुळे जागेला जो अर्थ होता तो कोक वापरायला लागल्याबरोबर गेला. कामगार आळशी, संघटना आडमुठी, असं तुम्हाला काही जण सांगतील. मला ते पटत नाही. खाण आणि भांडवल न देता कारखान्याकडून नफा मागितला, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१६ ला निर्गुंतवणुकीचा निर्णय झाला. गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून २०२२ मध्ये तो सोडला आणि जानेवारी २०२३ मध्ये कारखाना बंद करायचं ठरलं. कंत्राटी कामगार गेटसमोर धरणं धरून बसले. त्यात ज्यांचे वडील आणि आजोबा याच कारखान्यात होते अशी माणसं होती. कॉलनीतल्या क्वार्टर्सपासून शाळेपर्यंत सगळं कारखान्याचंच असल्यामुळे हा प्रश्न नुसत्या पगाराचा नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये सळ्यांची गिरणी, म्हणजे बार मिल, बाहेरून आणलेल्या पोलादावर पुन्हा फिरू लागली. २०२४ मध्ये केंद्रीय पोलादमंत्री कुमारस्वामी स्वतः येऊन पुनरुज्जीवनाचं बोलून गेले. ते खरं व्हायचं असेल तर आधी खाण द्यावी लागेल. बार मिल नुसती फिरती ठेवून काही साधणार नाही.