सूरसल्ला : कॅफेत काय वाजवावं, कूलरसमोर काय ऐकावं

प्रश्न : ताई, नागपुरात गोकुळपेठेत माझं छोटं कॅफे आहे. दिवसभर चिलआउट आणि ॲम्बियंट, म्हणजे संथ, निवांत, मागे वाजत राहणारं संगीत लावतो. मित्राकडून या प्रकारच्या परदेशी संग्रहांच्या जुन्या सीडी मिळाल्या होत्या, त्यातलं सगळं फोनमध्ये घेतलं आणि शफलवर सोडलं. संध्याकाळी बाबा गल्ल्यावर बसतात. ते रोज विचारतात, "काऊन रे, गाणं सुरू कधी होते?" मला उत्तर देता येत नाही. हे खरंच संगीत आहे की नुसतं मागे वाजत राहणारं काहीतरी? आणि कॅफेसाठी आपला स्वतःचा संग्रह लावायचा तर तो कसा लावावा?
— एक वाचक, गोकुळपेठ

उत्तर : सगळ्यात आधी शफल बंद करा. या संग्रहांचा जीव त्यांच्या क्रमात असतो आणि तुम्ही नेमका तोच काढून टाकलात. मग बाबांना सगळं एकसारखं वाटलं तर त्यांचं काही चुकत नाही.

हे संग्रह कुठून आले ते बघा. स्पेनच्या इबिझा बेटावर सान्त आन्तोनी गावात समुद्राकाठी, पश्चिमेकडे तोंड करून एक कॅफे आहे, काफे देल मार. 1980 साली सुरू झालं. रात्रभर नाचगाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या बेटावर लोक इथे सूर्यास्त बघायला बसायचे. होसे पादिया नावाचा डीजे तिथे सूर्य उतरेल तसं संगीत उतरवत न्यायचा. आपल्या निवडीच्या कॅसेटी करून तो विकायचाही. 1994 मध्ये या कॅफेच्या नावाने पहिला अल्बम निघाला. पहिले सहा भाग पादियाने निवडले आणि जगभर 'चिलआउट संग्रह' म्हणून जे काही निघालं त्यावर या मालिकेची छाप आहे. त्यातला प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या कलाकाराचा असतो, पण कुठल्या तुकड्याच्या शेपटीला कुठला जोडायचा हे एका माणसाचे कान ठरवतात. मी रामदासपेठेतल्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करते, म्हणून सांगते, हे जोडकाम गाणं मुद्रित करण्याइतकंच अवघड आहे. चिलआउट हे नाव मात्र इबिझाचं नाही. लंडनच्या हेवन क्लबमध्ये 1989 च्या सुमारास नाचून दमलेल्यांसाठी वेगळी खोली असायची. जिमी कॉटी आणि ॲलेक्स पॅटरसन हे डीजे तिथे जवळजवळ ठेका नसलेलं संगीत लावायचे. हे मुळात दमलेल्या अंगासाठीचं संगीत आहे.

आता बाबा. त्यांना आलापाचं उदाहरण देऊन पटवायला जाऊ नका. वसंतराव देशपांडे सभागृहात बैठका ऐकलेला माणूस तुम्हाला लगेच पकडेल. आलाप ऐकणाऱ्याकडून पूर्ण लक्ष मागतो आणि हे संगीत ते मागतच नाही. 1978 मध्ये ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराने विमानतळासाठी म्हणून एक अल्बम केला आणि त्यासोबत स्पष्ट लिहिलं की अशा संगीताकडे दुर्लक्ष करता आलं पाहिजे आणि लक्ष दिलं तर त्यात रमताही आलं पाहिजे. त्या अल्बममधला दुसरा तुकडा बाबांना हेडफोनवर ऐकवा. त्यात गायलेले सुटे लांब स्वर आहेत, प्रत्येक स्वर टेपच्या वेगळ्या लांबीच्या फेऱ्यावर. एक साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळजवळ 26 सेकंदांनी, तिसरा जवळजवळ 30. फेऱ्या सारख्या नसल्यामुळे स्वर दर वेळी नव्या जागी एकमेकांना भेटतात. कधी दोघं एकदम येतात, कधी मध्ये मोठी शांतता पडते. बाबांना एवढंच सांगा की गाणं सुरू व्हायची वाट बघू नका, पुढचा स्वर कधी येतो ते बघा. मला हा तुकडा फार प्रिय आहे. माझ्या लेखी हे संगीतच आहे, आणि तेही मोठ्या ताकदीचं.

कॅफेसाठी संग्रह लावताना मात्र इबिझाची नक्कल करू नका. तिथे जूनअखेरीस सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि समोर समुद्र असतो. आपल्याकडे मे महिन्यात पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही डांबर तापलेलंच असतं. डिसेंबरात साडेपाचलाच अंधारायला लागतं. म्हणजे घड्याळाचे सहा वाजले की अमुक लावायचं, असं वर्षभर चालणार नाही. उन्हाळ्यासाठी आणि थंडीसाठी दोन वेगळे क्रम करा. उन्हातून आलेल्या माणसाला पहिली वीसेक मिनिटं ठेका नसलेलं द्या. त्याचा श्वास जाग्यावर आला की मिनिटाला 80-90 ठोक्यांचं काहीतरी येऊ द्या. गायलेलं गाणं पूर्ण क्रमात एखादंच ठेवा, तेही साधारण दोन-तृतीयांश वाटेवर, कारण शब्द आले की माणसं बोलणं थांबवून ऐकतात.

लांबी 70 मिनिटांच्या आत ठेवा. सीडीवर साधारण 74 मिनिटं मावायची, म्हणून संग्रह करणाऱ्याला चांगलंही गाळावं लागायचं, आणि त्या गाळण्यातून अल्बमला आकार यायचा. आजच्या न संपणाऱ्या प्लेलिस्टमध्ये हेच राहून गेलं आहे. तुमचा क्रम संपला की दहा मिनिटं काहीच लावू नका. कपबशांचा आवाज ऐकू येऊ द्या.

स्पीकर कोपऱ्यात ठेवू नका, तिथे खर्ज फुगतो आणि टेबलं थरथरतात. आवाज इतकाच ठेवा की शेवटच्या टेबलावरचं साधं बोलणं तुम्हाला काउंटरवर कळेल. आणि हो, दुकानात किंवा कॅफेत ध्वनिमुद्रित संगीत वाजवायला परवाना लागतो. घरच्या ॲपच्या वर्गणीवर ते चालत नाही. तो आधी घ्या, त्या पैशावर कलाकारांचा हक्क आहे.

प्रश्न : रात्री झोपताना असं संगीत लावते, पण कूलरच्या घरघरीत अर्धं ऐकूच येत नाही. आवाज वाढवला तर झोप उडते. काय करू?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : आवाज वाढवू नका. 1975 च्या सुरुवातीला अपघातानंतर हाच ईनो अंथरुणावर पडून होता. मैत्रिणीने आणून दिलेली हार्पची रेकॉर्ड त्याने कशीबशी लावली आणि आडवा झाल्यावर लक्षात आलं की आवाज फारच बारीक आहे, शिवाय एक बाजू बंदच आहे. उठायचं त्राण नव्हतं. मग पावसाच्या आवाजात मधूनमधून जेवढे स्वर वर येत होते तेवढेच तो ऐकत राहिला, आणि ऐकण्याची ही नवी रीत त्याला तिथे सापडली. तेव्हा अर्धं हरवलं तरी हरवू द्या.

फक्त निवड बदला. कूलरचा पंखा खालच्या सुरांवर बसतो, म्हणून गंभीर खर्जाची लांब गुंजन असलेले तुकडे वाया जातात. पियानो, घंटा, हार्प असे सुटे, मधल्या पट्टीतले स्वर वर येतात. स्पीकर उशाशी, कूलरच्या विरुद्ध बाजूला ठेवा. कूलरचा पत्रा खडखडत असेल तर स्क्रू आवळून घ्या आणि स्टँडखाली रबराचे तुकडे सरकवा. त्याने निम्मं काम होतं.

प्रश्न : मी सतार शिकते. या संग्रहांमध्ये सतारीचा चार सुरांचा तुकडा घेऊन तोच घोळवतात, वर एखादा मंत्र. रागाचा ठावठिकाणा नाही. फार संताप येतो. माझं चुकतं का?
— एक विद्यार्थिनी, प्रतापनगर

उत्तर : अजिबात नाही. सजावटीपुरती उचललेली सतार मलाही ऐकवत नाही. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. 1997 चा 'अनोखा' हा संग्रह ऐका. तो तल्विन सिंगने केला आहे, जो स्वतः तबलावादक आहे. लंडनमध्ये वाढलेल्या आपल्या मुलांच्या कानात तबला आणि क्लबचं संगीत दोन्ही एकत्र मुरलेलं होतं, ते त्यात कळतं. पुढे 1999 मध्ये त्याच्या 'ओके' अल्बमला ब्रिटनचं मर्क्युरी पारितोषिक मिळालं. बाकीच्या संग्रहांसाठी तुमचा रियाज पुरेसा आहे. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणं, पूर्ण होऊ दिली आहे की मध्येच कापली आहे, तेवढं ऐका. कापली असेल तर पुढच्या तुकड्यावर जा.