फोड बाहेर, गंज आत

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाला हरभऱ्याएवढे चार-पाच फोड आलेत. तेवढीच जागा घासून रंग मारला तर चालेल का?

उत्तर : दगड लागून रंगाचा टवका उडाला असेल आणि तिथंच तांबूस डाग असेल, तर चालेल. अखंड रंगाखालून फोड वर आला असेल, तर गंज बहुतेक मागून आलेला असतो. कमानीच्या काठाला बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे एकमेकांना जोडलेले असतात. चाकानं उडवलेला चिखल त्या सांध्यात जाऊन बसतो आणि दिवसेंदिवस ओला राहतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला बाहेर ढकलतो. फोड दिसतो तोवर मागचा पत्रा बराचसा खाल्लेला असतो.

घासण्याआधी बोथट टोच्यानं फोडाभोवती चार-पाच सेंटिमीटरपर्यंत दाबून बघा. चांगला पत्रा टणक लागतो, सडलेला कुरकुरत आत जातो. पूर्वी कुणी लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून ठेवली असेल, तर मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. पकड जिथं ढिली पडेल तिथं पत्रा कमी आणि लांबी जास्त.

प्रश्न : दाराखालच्या सिलला वीतभर भोक पडलंय. वरून ठिगळ वेल्ड करू, की सगळं कापू?

उत्तर : कापा. वरून ठिगळ मारलं की सडका पत्रा आतच राहतो, दोन पत्र्यांच्या फटीत पाणी धरतं आणि नवा पत्राही त्याच वाटेनं जातो.

पण आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसलेल्या गाडीत सिल ही शोभेची पट्टी नसते, गाडीचा कणा असतो. ती कापताना बॉडी जरा जरी वाकली, तरी नंतर दार बसत नाही. म्हणून दाराच्या फटी चारही बाजूंनी मोजून लिहून ठेवा, गाडीला सपाट जागी भक्कम आधार द्या आणि दाराच्या चौकटीत चौकोनी पाइप आडवा टाकून घट्ट पक्का करा. कापडी टपाची, उघडी गाडी असेल तर हे दुप्पट काळजीनं, कारण तिथं छताचा आधारच नाही. बॅटरी सोडवा. गालिचा आणि त्याखालचं डांबरी अस्तर काढा. इंधनाची नळी तिथून जात असेल तर तीही बाजूला घ्या. वेल्डिंग संपल्यावरही तासभर गाडी सोडून जाऊ नका, अस्तर आतल्या आत धुमसत राहतं.

कापताना चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत जा, आणि वर दोन सेंटिमीटर जास्त. सिलमध्ये बहुतेकदा आतला पत्रा, मधली मजबुती आणि बाहेरचा पत्रा असे थर असतात. दुरुस्ती आतून बाहेर याच क्रमानं करा. बाहेरचा नवा घालून आतला सडका ठेवणं हा सगळ्यात महागात पडणारा आळस.

नव्या पत्र्याची जाडी जुन्याइतकीच घ्या, साधारण 1 मिलिमीटर. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून बसवून बघा. दोन्ही काठ समोरासमोर भिडवून जोडायचे असतील, तर मध्ये वेल्डिंगच्या तारेएवढी फट ठेवा. मिग मशीनमध्ये (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन) 0.6 मिलिमीटरची तार पातळ पत्र्याला बरी पडते. अडीच-तीन सेंटिमीटरवर वेल्डचा एकेक ठिपका, म्हणजे टाका, द्या, पुढचा टाका दूरच्या टोकाला. हात ठेवता येईल इतकं थंड झाल्यावरच मधली जागा भरत जा. सलग ओढलात तर वेल्ड थंड होताना आखडतो, शेजारचा पत्रा ओढला जातो आणि दाबलं की टिणटिण आतबाहेर होतो. तसं झालंच, तर मागं डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून वेल्डवरच हलक्या हातोडीनं ठोका; आखडलेला धातू थोडा पसरतो. ग्राइंडर फक्त वेल्डच्या उंचवट्यावर फिरवा. पत्रा निळा पडायला लागला, तर थांबा.

प्रश्न : रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) लावला की घासायची गरज नाही, हे खरं का?

उत्तर : नाही. तो पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजावर काम करतो. पापुद्रे सुटत असतील तर वरचाच थर काळा पडतो आणि खाली काम चालूच राहतं. फॉस्फोरिक ॲसिडचा असेल, तर डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन पूर्ण वाळवा. उरलेल्या ॲसिडवर इपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचा थर) धरत नाही.

प्रश्न : वेल्डिंग करून लांबी भरली, रंगही छान बसला. पावसाळा संपेतो तिथंच पुन्हा फोड. का?

उत्तर : दोन संशय. पहिला, वेल्डमध्ये सुईएवढी छिद्रं राहिली असावीत. लांबी भरण्याआधी अंधारात मागून टॉर्च धरली की ती चांदण्यांसारखी दिसतात. प्रत्येक वेल्डनं बुजवायला हवं. नाहीतर लांबी मागून ओल पिते. दुसरा, लांबी पाणी लावून पॉलिश पेपरनं घासली असावी. ती सच्छिद्र असते, तेव्हा कोरडीच घासायची. 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासलेला स्वच्छ पत्रा, त्यावर इपॉक्सीचे दोन हात, मग 3 मिलिमीटरच्या आत लांबी, पुन्हा प्रायमर, मग रंग. हार्डनरवाला टू-के रंग मारणार असाल तर साधा धुळीचा मास्क उपयोगाचा नाही. त्यातल्या आयसोसायनेट या घातक रसायनासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो.

प्रश्न : सिल बंद झाल्यावर आतून संरक्षण कसं द्यायचं?

उत्तर : वेल्डिंगच्या उष्णतेनं आतला रंग जळलेलाच असतो, त्यामुळे हे टाळू नका. रंगकाम संपल्यावरच करा. मेण पत्र्यावर सांडलं की त्यावर रंग बसत नाही. पोकळीत मारायचं कॅव्हिटी वॅक्स लांब नळीनं आत सोडा, नळी हळूहळू मागं ओढत फवारा. डांबरी अंडरकोट गंजावर थापू नका. तो कडक होऊन तडकतो आणि पाणी मागं कोंडून ठेवतो. सिलच्या तळाची पाणी जाण्याची भोकं आधी तारेनं मोकळी करा आणि खाली वर्तमानपत्र अंथरा. प्रत्येक भोकातून मेण ठिबकायला हवं. एखाद्या भोकाखालचा कागद कोरडा राहिला, तर नळी तिथपर्यंत पोचलेली नाही.