पंधराव्या वर्षी सेबर हाती घेणाऱ्या मुलीच्या आईस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरहून आपण पाठवलेले पत्र मिळाले. पंधरा वर्षांची आपली मुलगी चार महिन्यांपासून तलवारबाजीतील सेबर हा तलवारीचा प्रकार शिकते आहे, ‘दोन्ही दिवे लागतात, पण गुण समोरचीलाच मिळतो’ म्हणून ती चिडून घरी येते, आणि दहावी तोंडावर असताना हा खेळ करिअर म्हणून धरावा का, असे आपण विचारले आहे.

आधी दिव्यांविषयी, म्हणजे वार लागताच यंत्रावर पेटणाऱ्या दिव्यांविषयी लिहितो, कारण तिची खरी अडचण तीच आहे. सेबरमध्ये कमरेच्या वरचे अंग, डोके आणि मनगटापर्यंतचे हात हे लक्ष्य असते, आणि टोकाप्रमाणेच पात्याच्या वारालाही गुण असतो. चार मीटर अंतरावर उभ्या असलेल्या दोघी पंचांचा इशारा होताच झेपावतात आणि पुष्कळदा एक-दोन सेकंदांत चकमक संपते. दोघींचे वार जवळजवळ एकाच वेळी लागले, तर आक्रमणाचा हक्क कोणाकडे होता हे पंच ठरवतात. नवशिक्या मुली बहुधा पाय आधी टाकतात आणि हात मागाहून आणतात. तेवढ्यात समोरचीने हात लांबवलेला असतो, आणि हक्क तिच्याकडे जातो. तेव्हा सरावातील एखादी लढत मोबाइलवर चित्रित करून घ्यावी आणि प्रत्येक गुण कोणाचा व का, हे तिलाच पंचाच्या भूमिकेतून सांगायला लावावे. पुढे पंच म्हणून काम करण्याची वाटही याच सवयीतून निघते.

आता वयाविषयी. भवानी देवी यांनी 2004 मध्ये, शाळेत असतानाच चेन्नईत हा खेळ सुरू केला, पुढे केरळमधील थलसेरी येथील साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात प्रशिक्षक सागर लागू यांच्याकडे त्या घडल्या, आणि ऑलिम्पिकसाठी पात्र ठरलेल्या पहिल्या भारतीय तलवारबाज म्हणून टोकियोत उतरल्या. ही वाटचाल पाहता पंधराव्या वर्षी केलेली सुरुवात ऑलिम्पिकच्या दृष्टीने उशिराची आहे, हे मी आपल्यापासून लपवणार नाही. राज्य आणि विद्यापीठ पातळीवर चांगले खेळण्यासाठी मात्र ती मुळीच उशिराची नाही.

म्हणून अभ्यास सोडून हा खेळ धरू नये, आणि अभ्यासासाठी हा खेळही सोडू नये. परीक्षेच्या काळात आठवड्यातून तीन दिवसांचा सराव पुरेसा आहे, पण त्यातला निम्मा वेळ पावलांना द्यावा. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, परंतु ते ठरावीक स्पर्धांतील कामगिरीवर मिळते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. तेव्हा प्रत्येक मूळ प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवावे. प्रशिक्षक व्हावेसे वाटल्यास पदवीनंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतील पदविकेचा विचार करता येईल. आपल्याच शहरात साईचे केंद्र आहे. तेथील निवडीची चौकशी जरूर करावी.

साहित्य एकदम घेऊ नये. मास्क, हातमोजा, जॅकेट, जॅकेटच्या आत घालायचे प्लास्ट्रॉन (संरक्षक अर्धे जाकीट) आणि छातीचे कवच आधी स्वतःचे असावे. लामे (वार नोंदवण्यासाठी वरून घालायचे विद्युतवाहक जाकीट) आणि स्पर्धेचे सेबर स्पर्धा सुरू झाल्यावर घेता येतील. जुना मास्क मात्र कितीही स्वस्त मिळाला, तरी जाळी गंजलेली किंवा चेपलेली असल्यास घेऊ नये.

पत्राच्या शेवटी, एक्केचाळिसाव्या वर्षी आपणही शिकावे का, असे आपण संकोचाने विचारले आहे. अवश्य शिका. चाळिशीपुढच्यांसाठी या खेळात वेटरन गट आहेत. लंजमध्ये, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून झेपावताना, पुढच्या गुडघ्यावर भार येतो, म्हणून पहिले दोन महिने मांड्यांच्या ताकदीला द्या, आणि शक्य झाल्यास मुलीपेक्षा वेगळी वेळ घ्या, म्हणजे तिचे मैदान तिचेच राहील.

आपला,
करिअर मार्गदर्शक