चाळिसाव्या सेकंदाला काय झालं?

सप्रेम आशीर्वाद.

तुझी साडेतीन मिनिटांची ऑडिओ कथा काल ठाण्याहून घाटकोपरला जाताना दोनदा ऐकली. चाळिसाव्या सेकंदाला निम्मे लोक पळाले म्हणून तू आलेखाचा स्क्रीनशॉट पाठवलास आणि विचारलंस, सुरुवातीलाच मुडदा दाखवू का? खुशाल दाखव. मग पळणारे पन्नासाव्या सेकंदाला पळतील.

त्यापेक्षा तो चाळिसावा सेकंद परत ऐक. तुझी नायिका कळव्याच्या बंद घरात शिरते आणि तू सांगतेस, "घरात भयाण, जीवघेणी शांतता पसरली होती." मागे व्हायोलिन चालूच! अगं, कागदावर शांतता लिहावी लागते, कानाला ती ऐकवता येते. ते वाक्य काढ, व्हायोलिन बंद कर. दोन सेकंद नुसता पंखा कुरकुरू दे, लांबून एक लोकल जाऊ दे. मी रेडिओसाठी पहिली श्रुतिका लिहिली तेव्हा आमच्या निर्मात्यांनी माझी विशेषणं अशीच लाल पेनाने उडवली होती. आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नव्हतो.

आणि आवाज फेकू नकोस. गडकरी रंगायतनात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं, एकांकिकांची ती सवय तुझी सुटलेली नाही. इथे तू थेट माणसाच्या कानात बसलेली आहेस. कुजबुजलीस तरी पुरे.

लोकांना धीर उरला नाही, हे रडगाणं मला पटत नाही. ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यातून कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने दिल्या. पुढे काय झालं ते कळायला वाचक आठवडा काढायचे. आता मोबाइलवरच्या मालिकांचे भाग दोन मिनिटांचे झाले, पण माझा भाचा ते रात्री दोनपर्यंत एकामागून एक बघतो. (सकाळी त्याला उठवणं हे वेगळं कीर्तन.)

कीर्तनावरून आठवलं. पूर्वरंगात निरूपण लांबलं आणि पुढच्या आजी पेंगायला लागल्या, की बुवा लगेच अभंग उचलतात. त्यांना चेहरे दिसतात, तुला फक्त आलेख. माणूस कुठे उठून गेला ते त्यात कळतं. पण तो कंटाळला, की मुलुंड आलं म्हणून उतरला?

म्हणून पुढचा भाग टाकण्याआधी तलावपाळीच्या कट्ट्यावर कुणाला तरी शेजारी बसवून ऐकव. मैत्रीण नको, ती कौतुकच करेल. तुझ्या मावशीला ने. विचारायचं काही नाही, नुसतं बघायचं: हात मोबाइलकडे कधी जातो, नजर तलावातल्या बोटींकडे कधी वळते. वहीत तेवढी वेळ लिहून ठेव.

रविवारी दुपारी वही घेऊन ये. व्हायोलिन नसलेला भागही आण, आणि हेडफोन तुझेच आण. माझ्या हेडफोनचा डावा कान गेलाय.

तुझा,
काका